गोमंतकातील नभोवाणी आणि चित्रवाणी : एक विवेचन

डिचोली शहरालगतचे सर्वण हे गाव गोमंतकाच्या इतिहासग्रंथांतून क्वचितच भेटते. कारापूर आणि सर्वण या दोन गावांची मिळून आज एक पंचायत आहे. भोवतीच्या मुलखाला लोहखनिजाच्या खाणींनी पैसा दिला आणि त्याबरोबर पुष्कळ धूळही दिली. डिचोली तालुक्याची सरहद्द ओलांडली की महाराष्ट्रातील दोडामार्ग लागते. नव्या काबिजादीतील इतर गावांप्रमाणे या गावानेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांची सत्ता जाऊन पोर्तुगीजांची आलेली पाहिली, आणि १९६१ साली पोर्तुगीजांची गेलेलीही पाहिली. अशा गावी उभे राहून पाहिले असता नभोवाणीचा व चित्रवाणीचा इतिहास राजधानीतून दिसतो त्याहून निराळा दिसू लागतो. राजधानीतील इतिहासकार केंद्रस्थापनेचे साल, यंत्राची शक्ती व उद्घाटकाचे नाव नोंदवून मोकळा होतो. गावकऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. तेथून आम्हांला काय ऐकू आले? ते कोणाच्या भाषेत आले? आणि आमच्याकडचे काही तिकडे गेले की नाही?

यांतील तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच मुख्य धरला आहे. पेडणे, डिचोली व सत्तरी या महालांतील मराठी माणूस आज तीन-चतुर्थांश शतकाहून अधिक काळ श्रोता आहे आणि चार दशके प्रेक्षक आहे. मराठी कार्यक्रमांचे वेड त्याला कोणाहून कमी नाही. परंतु त्या कार्यक्रमांत बोलणारा म्हणून त्याला जी जागा मिळाली, ती फारच थोडी. असे का झाले, हे पाहू गेल्यास यंत्रांचा इतिहास आणि भाषेचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आढळतात.

आरंभी नभोवाणीकडे वळणे अपरिहार्य आहे, कारण आपल्या देशात चित्रवाणी ही नभोवाणीच्याच घरात वाढली. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक चित्रवाणी सुरू झाली ती आकाशवाणीचा एक विभाग म्हणून. 'दूरदर्शन' ही स्वतंत्र संस्था झाली १ एप्रिल १९७६ रोजी. गोमंतकापुरते बोलावयाचे तर येथे नभोवाणीने आधी जी घडी बसविली, तीच पुढे चित्रवाणीने चालविली.

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि १९३६ साली सरकारी नभोवाणीस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. गोमंतकात मात्र स्वतःचे केंद्र यावयास १९४६ साल उजाडले. त्या वर्षी पणजीस पोर्तुगीज सरकारच्या आश्रयाखाली ध्वनिक्षेपण सुरू झाले आणि ते पुढे 'एमिसोरा द गोवा' या नावाने सर्वतोमुखी झाले. सालाझारच्या राजवटीत छापील अक्षर अभ्यवेक्षकाच्या हाताखालून गेल्यावाचून बाहेर पडत नसे. तेव्हा सरकारी नभोवाणीवरून काय बोलले जाई, याची कल्पना वाचक करू शकतील. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या केंद्राचे कार्यक्रम पोर्तुगीजप्रमाणेच कोंकणी, मराठी इत्यादी भाषांतूनही होत असत. ज्या सरकारने पूर्वी देशी भाषांची गळचेपी केली होती, त्यालाच लोकांच्या कानापर्यंत जाण्यासाठी शेवटी त्या भाषांचा आधार घ्यावा लागला. कागदावर हुकूम काढून भाषा दडपता येते. पण ऐकणाऱ्याला ज्याचा अर्थच लागत नाही, असे बोलणे हवेत सोडून कोणत्याही राजवटीचा फायदा होत नाही.

या काळात सर्वणसारख्या गावात नभोवाणीचे यंत्र असणे ही नवलाईची गोष्ट होती. गोमंतकातील खेड्यांचे विद्युतीकरण मुख्यतः मुक्तीनंतरचे आहे. तोपर्यंत यंत्र चालवावयाचे ते विजेरीवर, आणि ते घेण्याची ऐपत एखाद्या भाटकाराची, व्यापाऱ्याची वा खाणमालकाची. पण यंत्रांची संख्या आणि श्रोत्यांची संख्या यांत त्या काळी फार अंतर असे. एका यंत्राभोवती सारा वाडा जमे. शिवाय लहरींना सरहद्द नसते. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, धारवाड त्याआधी १९५० साली. मुंबईची मराठी नभोवाणी तर जुनीच. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याआठवड्याने सादर होऊ लागले, तेव्हा गोमंतक हा भारतीय संघराज्याच्या दृष्टीने परकी सत्तेखालील मुलूख होता. सरहद्दीवर पहारे होते, आर्थिक निर्बंध होते, टपाल व प्रवास दुर्घट झाले होते. या परिस्थितीत माणसांना जे जमत नव्हते ते लहरींना जमत होते.

येथे मराठीच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असा एक मुद्दा आहे. या महालांत मराठी भाषा नवी नव्हती. देवळातील कीर्तन, भजन, पोथीवाचन, दशावतारी काला, उत्सवातील नाटके ही सारी मराठीत चालत. बोलणे कोंकणी, आणि वाचणे, लिहिणे, गाणे मराठी अशी विभागणी येथे पिढ्यान्‌पिढ्या होती. ती कोणास खटकतही नव्हती. याचा अर्थ असा की गावकऱ्याच्या कानी पडणारी मराठी ही बहुधा कीर्तनकाराची, पंतोजीची किंवा रंगभूमीवरील राजाची मराठी होती. चूल, बाजार, रुसवेफुगवे यांची मराठी, म्हणजे घरगुती संभाषणाची मराठी, त्याला नभोवाणीवरील श्रुतिकांनी आणि 'वनिता मंडळा'सारख्या कार्यक्रमांनी नेमाने ऐकविली. ती अर्थातच पुण्या-मुंबईकडची होती. ज्या भाषेला येथे आजवर वडीलधाऱ्यांचा मान होता, तिच्याशी घरोबा होऊ लागला तो दुसऱ्या गावच्या उच्चारांतून. पुढे चित्रवाणीच्या काळात जे घडले, त्याचे बीज मला येथे दिसते.

एमिसोराला पहिले खरे आव्हान मिळाले ते रानातून. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पेडणे महालातील पत्रादेवीसह अनेक ठिकाणी त्यांच्यावर गोळीबार झाला. पत्रादेवीस कर्नेलसिंग यांना वीरमरण आले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, सावंतवाडीच्या वर आंबोलीच्या जंगलातून एक भूमिगत नभोवाणी बोलू लागली. तिचे नाव कोंकणीत 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेर्दाद'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ती प्रथम आंबोलीहून व नंतर कॅसलरॉकच्या बाजूने सहा वर्षे चालविली. बातम्या मिळवावयाच्या, भाषांतरे करावयाची, निवेदन करावयाचे आणि यंत्राचीही देखभाल करावयाची, तीही दमट रानात, लोकवस्तीपासून दूर. हे काम किती कष्टाचे असेल, हे ज्याने आंबोलीचा पाऊस पाहिला आहे त्याला सांगावे लागू नये. या दोघांचा पुढे विवाह झाला. वामन सरदेसाई यांना १९९२ साली व लिबिया लोबो सरदेसाई यांना, वयाची शंभरी ओलांडल्यावर, २०२५ साली पद्मश्री देण्यात आली.

या नभोवाणीची भाषायोजना लक्षात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीज भाषा योजली ती सत्ताधाऱ्यांनी व सुशिक्षित वर्गाने ऐकावे म्हणून, आणि कोंकणी योजली ती सर्वांनी ऐकावे म्हणून. म्हणजे सरकारी केंद्रावर मराठी होती आणि स्वातंत्र्याच्या केंद्रावर मुख्यतः कोंकणी व पोर्तुगीज. आजच्या वादांच्या चष्म्यातून या गोष्टीकडे पाहणे इष्ट नाही. रानात बसलेल्या दोन माणसांनी, हाती असलेल्या वेळात आणि शक्तीत, सर्वांत अधिक कानांपर्यंत पोहोचणारी वाट निवडली, इतकाच त्याचा अर्थ. पण आपली लोकभाषा कोणती आणि आपली ग्रंथभाषा कोणती, हा गोमंतकाचा जुना पेच लहरींच्या जगात प्रथम उघडपणे मांडला गेला तो येथेच.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळी येथील बिनतारी संदेशकेंद्रावर मारा केला आणि दुसऱ्या दिवशी साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. मुक्तीची वार्ता वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकाने गोमंतकाच्या आकाशातून सांगितली. नभोवाणीच्या इतिहासात असे प्रसंग थोडे. १९६२ च्या जानेवारीत एमिसोराच्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र बोलू लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये 'गोमन्तक' हे मराठी दैनिक निघाले. पुढल्या वर्षी लोकनियुक्त सरकार आले व गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघू लागल्या. दैनिक, शाळा आणि नभोवाणी ही तीन साधने दोन-तीन वर्षांच्या अवधीत एकाच वेळी हाती यावी, असा योग इतर प्रांतांना क्वचितच आला असेल. डिचोलीसारख्या महालात मराठीचा जो विस्तार त्या दशकात झाला, त्याचे श्रेय केवळ राजकारणाला देणारे हे विसरतात. त्यातच ट्रान्झिस्टर आला. विजेची वाट न पाहता आवाज शेतात, दुकानाच्या फळीवर, खाणीवरच्या ट्रकात पोहोचला.

पणजी केंद्राचा हा काळ मला सर्वांत आशेचा वाटतो. त्यात गोमंतकीयाला बोलावयास जागा होती. कविवर्य बा. भ. बोरकर आकाशवाणीच्या सेवेत होते आणि पुणे व पणजी या दोन्ही केंद्रांशी त्यांचा संबंध होता. मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिणारा कवी नभोवाणीच्या आसनावर असणे ही त्या केंद्राची शोभा होती. त्याआधी मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी मुंबई केंद्रावर कोंकणी कार्यक्रमांचे काम केले होते. ज्यांच्या सुरांनी पुढे मराठी संगीत नाटकाला नवा बहर आणला, त्यांची उमेदवारी नभोवाणीच्या कोंकणी विभागात झाली, ही गोष्ट दोन भाषांना सवती मानणाऱ्यांनी जरा मनात घोळवून पाहावी. केंद्र लहान होते, यंत्रे बेताची होती. परंतु भजनी मंडळ, नाट्यमंडळी, शाळामास्तर, वैद्य, शेतकरी यांना ध्वनिक्षेपकापुढे बसविण्यास मुंबईची परवानगी लागत नव्हती.

आता चित्रवाणीकडे येऊ. पोर्तुगालात ती १९५७ साली सुरू झाली, परंतु आपल्या या वसाहतीत तिने पाऊल टाकले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप', 'किलबिल', 'प्रतिभा आणि प्रतिमा' हे कार्यक्रम महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत घरोघरी बोलले जाऊ लागले. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पुस्तकातून उठून दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने लोकांपुढे उभा राहिला. गोमंतकीय वाचक हे सारे वृत्तपत्रांतून वाचत होता. पाहत नव्हता. याचे कारण शास्त्रीय आहे. नभोवाणीच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो कोस जातात. मध्यमलहरीही रात्री दूरवर पोहोचतात. चित्रवाणीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत चालतात. मनोऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात जे गाव येते, त्यालाच चित्र मिळते. साधारणपणे शंभर किलोमीटरच्या पलीकडे पृथ्वीचा गोलावाच आड येतो. मुंबईपासून पणजी हवाई मार्गाने चारशे किलोमीटरच्या घरात. तेव्हा ज्या मुंबईचा आवाज सर्वणच्या माणसाला सहज ऐकू येई, तिचा चेहरा त्याला दहा वर्षे दिसला नाही.

हा दहा वर्षांचा खंड किरकोळ नाही. मुंबई केंद्राची ती सुरुवातीची वर्षे मराठी चित्रवाणीच्या अभिरुचीची घडण करणारी होती. साहित्यिक, नाटककार व संगीतज्ञ त्या माध्यमात हौसेने वावरत होते. त्या काळात गोमंतक प्रेक्षक म्हणूनही उपस्थित नव्हता, मग निर्माता म्हणून असण्याचा प्रश्नच नव्हता.

चित्र आले ते १९८० नंतरच्या दशकात, आणि आले ते दिल्लीहून. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशभर लघुशक्तीची सहक्षेपण केंद्रे उभारण्याची घाई झाली. १९८३ साली इन्सॅट-१ब हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर तर १९८४ मध्ये दररोज एक केंद्र उभे राहत असल्याचे सरकार अभिमानाने सांगत असे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील दूरदर्शन या विस्ताराचेच अपत्य होय. प्रथम सहक्षेपण, आणि मागाहून स्वतःची निर्मिती, असा त्याचा क्रम राहिला.

'सहक्षेपण' या शब्दात सारी कथा आली. सहक्षेपण केंद्र स्वतः काही बोलत नाही. वरून आलेले खाली वाटते. नभोवाणीच्या बाबतीत पणजी केंद्र जन्मापासून बोलके होते, कारण स्टुडिओ आधी व विस्तार नंतर असा क्रम होता. चित्रवाणीच्या बाबतीत क्रम उलटा झाला. मनोरा आधी आला, स्टुडिओ मागाहून. एकदा लोकांना वरून येणाऱ्या चित्राची सवय जडली म्हणजे गावच्या चित्राला फिकेपणा येतो, मग ते कितीही आपले असो. खर्चाचा भागही आहेच. एका श्रुतिकेला चार माणसे व एक खोली पुरते. तीच गोष्ट चित्रात आणावयाची तर प्रकाशयोजना, वेषभूषा, नेपथ्य, संकलन असा संसार मांडावा लागतो.

डिचोलीकडील गावांचा या चित्राशी झालेला पहिला परिचय घराच्या माडीपेक्षा उंच खांबाने करून दिला. पणजी हवाई अंतराने फार दूर नाही. मध्ये मांडवीचे पात्र आणि दिवाडी-चोडणची बेटे. परंतु सखल जागी, डोंगराच्या कुशीत वसलेल्या वाड्यांना सरळ रेषेचा नियम जाचक ठरे. ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना बांबूवर वा लोखंडी नळीवर चढवून पणजीच्या दिशेने वळवावयाचा. एकाने वर चढून तो फिरवावयाचा व दुसऱ्याने आतून 'आले, गेले' असे ओरडावयाचे, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होय. पावसाळ्यातील वाऱ्याने अँटेना फिरला की चित्रात मुंग्या येत. अशा यंत्रावर लोकांनी 'हम लोग' पाहिले, आणि १९८७ च्या जानेवारीपासून रविवार सकाळची 'रामायण' मालिका पाहिली. 'गीतरामायणा'ने तीस वर्षांपूर्वी जी कथा मराठीत कानी घातली, ती आता हिंदीत डोळ्यांपुढे आली. दशावतारी काल्यातील राम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गावच्या माणसाच्या रूपात पाहिला होता, त्यांना देशभर एकच चेहरा असलेला राम मिळाला. यात हानी झाली की लाभ, याचा निर्णय प्रस्तुत लेखकास करवत नाही.

याच १९८७ सालाने दुसरेही काही दिले. फेब्रुवारीत राजभाषा कायदा होऊन देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय व्यवहारासाठी मराठीलाही स्थान मिळाले. ३० मे रोजी गोवा हे स्वतंत्र घटकराज्य झाले. १९९२ साली कोंकणीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. या घटनांचा चित्रवाणीवर झालेला परिणाम स्वाभाविक होता. दूरदर्शनचे पणजी केंद्र हे गोव्याचे केंद्र, आणि गोव्याची राजभाषा कोंकणी. तेव्हा त्या केंद्राची मुख्य भाषा कोंकणी होणे क्रमप्राप्त होते. यात कोणाविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. कोंकणीला तिचे हक्काचे व्यासपीठ मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यामुळे येथील मराठीच्या वाट्याला जी स्थिती आली, ती मात्र विचित्र आहे. गोमंतकात निर्माण होणारी चित्रवाणी मुख्यतः कोंकणी, आणि गोमंतकात पाहिली जाणारी मराठी चित्रवाणी सारी मुंबईची. मराठी येथे राहिली ती पाहुण्यासारखी, रोज संध्याकाळी येणाऱ्या आणि यजमानाला बोलू न देणाऱ्या पाहुण्यासारखी.

हा पाहुणा घरात शिरला तो केबलच्या तारेवरून. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. उपग्रहाची मोठी तबकडी गच्चीवर बसवून शेजारपाजारच्या घरांना तारा ओढून देणारे केबलचालक गावोगाव उभे राहिले. कायदा त्यांच्या मागून धावत आला तो १९९५ साली. दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी उपग्रह वाहिनी सुरू केली आणि तिला पुढे २००० साली 'सह्याद्री' हे नाव दिले. हे नाव मला विशेष समर्पक वाटते. ज्या डोंगराने मुंबईचे चित्र अडविले असे आपण म्हणतो, त्याचेच नाव धारण करून ते चित्र आकाशातून उतरले. त्यानंतर खासगी वाहिन्यांचा ओघ लागला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' आली, तीच २००५ पासून 'झी मराठी'. २००० साली 'ईटीव्ही मराठी' आली, तीच २०१५ पासून 'कलर्स मराठी'. २००८ साली 'स्टार प्रवाह'. वृत्तवाहिन्याही याच सुमारास निघाल्या. 'आभाळमाया'पासून पुढच्या मालिका डिचोली-पेडण्याच्या घरांतून तितक्याच आवडीने पाहिल्या गेल्या, जितक्या त्या डोंबिवलीत पाहिल्या गेल्या.

या आवडीची थट्टा करण्याची विद्वानांत रीत आहे, ती मला पसंत नाही. शाळेतून मराठीचे तास कमी झाले, तेव्हा लहान मुलांच्या कानी रोज अर्धा तास का होईना मराठी घातली ती या मालिकांनी. पण त्यांच्यातील भूगोल फार संकुचित आहे. मुंबई, ठाणे, पुणे आणि अलीकडे कोल्हापूर-सातारा. गोमंतक त्यात येतो तो सहलीचे स्थळ म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये महामारीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले, तेव्हा अनेक मराठी मालिकांचे ताफे गोव्यात उतरले. मे महिन्याच्या आरंभी येथील साथ वाढल्यावर गोवा सरकारने त्यांची परवानगी काढून घेतली आणि ते निघून गेले. त्या काही आठवड्यांत मराठी चित्रवाणीचा बराच मोठा भाग गोमंतकाच्या भूमीवर तयार होत होता. परंतु तयार होत होती ती मुंबईचीच घरे व मुंबईचीच माणसे. यजमान भूमीला पार्श्वभूमीपलीकडे भूमिका नव्हती.

याला उलटा असा एक दाखला द्यावयास हवा, तो सरहद्दीपलीकडचा आहे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली 'झी मराठी'वर सुरू झाली. तिचे चित्रीकरण सावंतवाडीजवळील आकेरी येथे झाले आणि तिच्यातील पात्रे मालवणी बोलत. पुढल्या वर्षी 'गाव गाता गजाली' ही मालिका आली, तीही मालवणी बोलीची. पेडण्याकडील बोली आणि सिंधुदुर्गातील बोली यांचे नाते जवळचे. त्यामुळे घरात जवळजवळ जशी बोलतात तशी भाषा मराठी वाहिनीवर ऐकण्याचा योग येथल्या प्रेक्षकांना आला. मालिका अफाट लोकप्रिय झाली, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे पुण्या-मुंबईबाहेरची बोली प्रेक्षकांना कळणार नाही, हा निर्मात्यांचा आजवरचा समज खोटा ठरला. पण बोलीला प्रवेश मिळाला तो एका मालिकेत भुताखेतांच्या सोबतीने, तर दुसरीत विनोदाच्या. भीती आणि हसू यांच्या मधला जो मोठा प्रदेश, म्हणजे साधे गंभीर जगणे, तो अजून प्रमाण भाषेच्याच ताब्यात आहे.

दरम्यान गोमंतकाच्या स्वतःच्या वाहिन्याही निघाल्या. केबलच्या जाळ्यावर चालणारी 'गोवा ३६५', 'प्रुडंट मीडिया', 'इन गोवा' ही नावे येथे सर्वपरिचित झाली. राष्ट्रीय वाहिनीला ज्या गावाचे नाव उच्चारता आले नसते, त्या गावचा पंचायतीतील तंटा, खाणीच्या ट्रकांविरुद्धचा मोर्चा, नळाच्या पाण्याची ओरड आणि शिरगावच्या लईराईची जत्रा या वाहिन्यांवर दिसू लागली. चर्चेत दूरध्वनीवरून गावचा माणूस आपले म्हणणे मांडू लागला. लेखाच्या आरंभी जो तिसरा प्रश्न मांडला, 'आमचे काही तिकडे गेले की नाही', त्याला चित्रवाणीच्या इतिहासात पहिल्यांदा होकारार्थी उत्तर मिळाले ते या लहान वाहिन्यांकडून. त्यांत उणिवा पुष्कळ आहेत. जाहिरातदारांचे व राजकारण्यांचे वजन त्यांना पेलवत नाही, आणि वृत्ताखेरीज इतर निर्मिती बेताचीच आहे. नाट्यस्पर्धेच्या हंगामात गावोगाव जी मराठी नाटके उभी राहतात, त्यांना नियमित जागा देणारी वाहिनी अजून निघावयाची आहे. येथील मराठी रंगभूमी जिवंत आहे, तिला प्रेक्षक आहेत, आणि तरीही चित्रवाणीच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी चूक कोणती, तर हीच. ती दिल्लीची नाही, मुंबईची नाही. ती आपली आहे.

अलीकडील यंत्रपरिवर्तनाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची विनाशुल्क घरपोच उपग्रहसेवा सुरू झाली आणि केबलची तार जेथे पोहोचत नव्हती त्या वाड्यांनाही लहान तबकडीवर चित्र मिळू लागले. २०१७ पर्यंत केबलचे अंकीकरण पुरे झाले. मार्च २०१९ मध्ये गोव्यासह अकरा राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या त्या विनाशुल्क सेवेत समाविष्ट झाल्या. पणजीचे चित्र त्यामुळे प्रथमच देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील घराला उपलब्ध झाले. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण बहुतेक सर्वत्र बंद करण्यात आले. छपरांवरील अँटेनांचे काम संपले. चित्र येते ते आकाशातून, तारेतून किंवा हातातील दूरध्वनीतून. भजनस्पर्धा किंवा काला आता गावचा तरुणच टिपतो आणि तासाभरात परदेशातील नातलगाला दाखवितो. त्याला केंद्र लागत नाही, परवाना लागत नाही.

शिक्षकांनी व अकादमीच्या सभासदांनी मनावर घ्यावी अशी एक गोष्ट यातून निघते. दैनिकांचे जुने अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेले सापडतात. लहरींवरून गेलेल्या शब्दाला अशी सोय नाही. जगभरच्या चित्रवाणी केंद्रांत फीत महाग म्हणून तीच पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती, आणि मोठमोठ्या संस्थांनी आपले जुने कार्यक्रम अशा प्रकारे स्वतःच गमावले आहेत. लहान वाहिन्या, केबलचालक आणि लग्ने-जत्रा टिपणारे छायाचित्रकार यांच्याकडे तर जतनाची कल्पनाच नव्हती. या मंडळींच्या कपाटांतून व्हीएचएसच्या फिती पडून आहेत. त्यांवर गावचे उत्सव आहेत, बंद पडलेल्या नाट्यमंडळींचे प्रयोग आहेत, आज हयात नसलेल्या कीर्तनकारांची भाषा आहे. कोंकणी वळणाची ती मराठी कोणत्याही वाहिनीने टिपलेली नाही. फितीवरील चुंबकीय थर दोन-तीन दशकांत झडू लागतो. आमच्याकडच्या दमट हवेत बुरशी त्याहून आधी धरते, आणि ती फीत वाचणारी यंत्रे बाजारातून केव्हाच गेली आहेत. १९९० नंतरच्या दशकात टिपलेल्या फितींची ती मुदत आता भरली आहे.